वेबसाइट बांधायला शिकवता, राखायला कोण शिकवणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिरूरच्या एसटी स्टँडच्या आजूबाजूला आणि दौंडला रेल्वे स्टेशनबाहेर एकाच छापाचे फ्लेक्स लागतात. 'वेब डिझायनिंग शिका, घरबसल्या कमवा', 'शंभर टक्के जॉब गॅरंटी', आणि खाली लॅपटॉपसमोर हसत बसलेला एक गोरापान मुलगा. तो आपल्या तालुक्यातला नाही हे लांबूनच कळतं. फी विचारली तर वीस हजारांच्या पुढे, पुण्यात गेलं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. उसाचं बिल अडकलेलं असतं, कांद्याला भाव नसतो, तरी बाप ती फी भरतो. रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत आपलं पोरगं कंत्राटावर बारा-बारा तास उभं राहू नये एवढीच त्याची इच्छा असते.

या कोर्सबद्दल आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. घरात कुणी अकरावी, आयटीआय किंवा 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करायचं म्हणत असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

आधी हे सांगतो की कोर्स फसवा असतो असं मला म्हणायचं नाही. काही ठिकाणी शिकवणारे चांगले आहेत, मन लावून शिकवतात. अडचण आहे ती काय शिकवतात याची. एचटीएमएल, सीएसएस, थोडं जावास्क्रिप्ट, फोटोशॉप आणि मग वर्डप्रेस. शेवटी एक 'प्रोजेक्ट'. प्रोजेक्ट म्हणजे कुठल्यातरी काल्पनिक कॅफेची किंवा बिल्डरची पाच पानांची वेबसाइट, तीही इंग्रजीत. ती त्या पोराच्या लॅपटॉपवरच जन्मते आणि तिथंच राहते. सर बघतात, सर्टिफिकेट मिळतं, फोटो निघतो, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस लागतं. ती वेबसाइट वाचायला एक खरा माणूस कधी येत नाही. फोन नंबर चुकलाय म्हणून कुणी ओरडत नाही. सहा महिन्यांनी ती बंद पडत नाही, कारण ती कधी सुरूच झालेली नसते.

दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावातली मुलगी माझ्या माहितीत आहे. तिने पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला. रोज पहाटे उठून दौंड-पुणे लोकलने जायची, संध्याकाळी परत. कोर्सनंतर 'इंटर्नशिप' म्हणून चार महिने बिनपगारी काम, ते संपल्यावर 'कळवतो'. आता ती एका कंपनीसाठी फोनवर कर्ज विकते. तिचा धाकटा भाऊ आयटीआयचा फिटर, कुरकुंभला अप्रेंटिस म्हणून लागला. घरात आता त्याचं उदाहरण देतात आणि तिच्या फीचा विषय कुणी काढत नाही. पोरगी हुशार आहे. ती जे शिकली त्याचं गिऱ्हाईक कोण, हे तिला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

सरकारी बाजूला काय आहे तेही बघू. आयटीआयमध्ये कोपा नावाचा ट्रेड आहे, कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. एक वर्षाचा, दहावी पास लागतं, फी खासगी क्लासच्या मानाने किरकोळ आणि सर्टिफिकेट देशभर चालतं. माझ्या मते ज्याला खर्च झेपत नाही त्याने आधी कोपाकडे बघावं. पण त्या एका वर्षात विंडोजपासून एक्सेल, डेटाबेस, नेटवर्किंग, सायबर सुरक्षा, पायथॉन असं सगळं कोंबलेलं आहे. वेबसाइटच्या वाट्याला काही आठवडे येतात, आणि त्यातही पानं बनवणंच. एमएस-सीआयटीबद्दल जास्त बोलत नाही. २००१ साली एमकेसीएलने ती सुरू केली तेव्हा खेड्यातल्या पोरांच्या हाताला पहिल्यांदा माउस लागला, हे तिचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. पुढे मात्र ती नोकरीच्या जाहिरातीतली एक अट झाली. आज तालुक्यात जिकडंतिकडं एमएस-सीआयटीवाले आहेत आणि झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरायला रांग तशीच आहे.

आता ज्या कामाचं कुणी शिकवत नाही त्याकडे येतो.

वेबसाइट म्हणजे विहिरीसारखं काम आहे असं समजा. खोदली म्हणून संपलं नाही. गाळ काढावा लागतो, मोटर बघावी लागते, कठडा पडला तर बांधावा लागतो. वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते आपण विकत घेत नाही, वर्षाच्या बोलीवर घेतो. दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करायचं. जिथं ती वेबसाइट ठेवलेली असते त्या जागेचं, म्हणजे होस्टिंगचं, भाडं वेगळं. पत्त्याशेजारचं कुलूप, म्हणजे सुरक्षेचं प्रमाणपत्र, तेही मुदतीचं असतं. फुकटही मिळतं, पण वेळेवर नवं व्हावं लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला ब्राउझर 'ही साइट सुरक्षित नाही' म्हणून घाबरवतो. वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन अद्ययावत करत राहावं लागतं, ते राहिलं की चोर नेमका तिथून शिरतो. बॅकअप घ्यायचा, आणि तो परत चालू होतो का हे वर्षातून एकदा करून बघायचं. यातलं एकही काम अवघड नाही. पण प्रत्येक काम तारखेला करावं लागतं, आणि तारीख सांभाळणारा माणूस लागतो.

तो नसला की काय होतं, ते आपल्या दोन्ही तालुक्यांत बघायला मिळतं. बातमीच्या निमित्ताने मला संस्थांच्या वेबसाइट उघडाव्या लागतात म्हणून हे रोजचं झालंय. एका पतसंस्थेच्या पत्त्यावर गेलो तर पुढ्यात ऑनलाइन जुगाराची जाहिरात. झालं असं होतं की डोमेनची मुदत संपली, आठवणीचे मेल ज्या ईमेलवर जात होते तो ईमेल दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या क्लार्कचा. मुदतीनंतर काही आठवड्यांची सवलत मिळते, तीही गेली. मग ते नाव बाजारात खुलं झालं आणि कुणीतरी लांबच्याने उचललं. जुन्या ठेवीदाराच्या मोबाइलमध्ये तोच पत्ता सेव्ह. तो विचारतो, पतसंस्था बुडाली का हो? पतसंस्था ठणठणीत आहे. पण ठेवीदाराच्या मनात एकदा शंका शिरली की अध्यक्षाने कितीही खुलासे केले तरी ती निघत नाही, हे या भागात मी वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रकार त्याहून जास्त. वेबसाइट चालू असते, पण ती संस्थेची नसते. म्हणजे डोमेन घेताना मालक म्हणून एजन्सीने स्वतःचं नाव टाकलेलं असतं. पासवर्ड त्यांच्याकडे. पहिल्या वर्षी स्वस्तात करून देतात, दुसऱ्या वर्षी तिप्पट मागतात. नाही दिले तर साइट बंद, आणि नावही त्यांच्याकडेच. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून त्यावर घर बांधण्यासारखंच झालं हे. गावाकडच्या माणसाला हे एका वाक्यात समजतं, पण वेबसाइटला सातबारा असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि कोर्स केलेल्या पोरांना तरी कुठं सांगतात?

आम्हा पत्रकारांच्या न्यूज पोर्टलांचं यापेक्षा बरं चाललंय असं समजू नका. एकाच सांगाड्यावर बनलेली तीन पोर्टलं मी ओळखतो. तिघांचा 'वेबसाइटवाला' एकच, आणि तो फोन उचलत नाही.

ग्रामपंचायतींकडे वळू, कारण इथं प्रश्न धंद्यापुरता राहत नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. त्यातल्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने कामकाज, अधिकार, अंदाजपत्रक, लाभार्थी अशी १७ बाबींची माहिती कुणी न मागता जाहीर करायची आहे, दरवर्षी ताजी करायची आहे, आणि इंटरनेटवरही द्यायची आहे. वीस वर्षं झाली. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम आणला, त्यातही संकेतस्थळ नीट करा हा मुद्दा होता. मग १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्सचा कार्यक्रम आला. १७ सप्टेंबर २०२५ पासून मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. त्यात सुशासनाला गुण आहेत, त्यामुळे ग्रामपंचायतींमध्ये वेबसाइटची एकच घाई उडाली. ग्रामसेवकांना फोनवर फोन : 'साहेब, दोन दिवसांत वेबसाइट करून देतो.' झाल्याही. सरपंचांचा फोटो, उपसरपंचांचा फोटो, ग्रामदैवताचा फोटो, 'आमच्या गावात आपले सहर्ष स्वागत आहे'. आणि आत? 'ग्रामसभा ठराव' या बटणावर बोट ठेवलं की रिकामं पान. गुण मिळाले असतील, माहिती नाही मिळाली.

आणि पत्ता तरी कसा? सरकारी कार्यालयांसाठी गव्ह डॉट इन हे राखीव नाव आहे, एनआयसीकडून मिळतं, कुठल्याही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. ते घ्यायचं सोडून कुणी डॉट कॉम, कुणी डॉट ऑर्ग, कुणी डॉट इन. उद्या कुणी तशाच नावाची खोटी साइट काढून घरपट्टी 'ऑनलाइन भरा' म्हणाला तर गावकऱ्याने खरी कुठली हे ओळखायचं कशावरून?

यात मराठीचा एक मोठा विषय आहे आणि त्यावर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण पुण्या-मुंबईच्या कोर्सवाल्यांना तो दिसतच नाही.

आपल्याकडचं निम्मं मराठी अजून जुन्या फॉन्टमध्ये अडकलेलं आहे. श्रीलिपी म्हणा, कृतीदेव म्हणा. फ्लेक्स छापायला, लग्नपत्रिका छापायला ते उत्तम. पण तो मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की अक्षरांची कचराकुंडी होते. मग ऑफिसमधला माणूस काय करतो? प्रिंट काढतो, सही-शिक्का मारतो, स्कॅन करतो आणि पीडीएफ चढवतो. फाइलचं नाव 'स्कॅन ००१२'. झालं काम. पण त्या स्कॅनमधला मजकूर हा मजकूर नसतो, फोटो असतो. तुम्ही गुगलवर गावाचं नाव आणि 'पाणीपुरवठा निविदा' असं कितीही शोधा, ती फाइल सहजी वर येत नाही. दृष्टिहीन माणसं फोनला वाचून दाखवायला सांगतात, त्यांचा फोन त्या पानावर गप्प बसतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, सरकारी वेबसाइटसाठी एनआयसीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. सगळं कागदावर आहे, आणि तो कागद पण बहुतेक स्कॅन करूनच ठेवला असावा.

युनिकोडमध्ये टाइप केलं तर यातलं निम्मं दुखणं जातं. पण युनिकोडमध्ये मराठी नीट टाइप करणारं पोरगं कोर्समधून बाहेर पडत नाही. साधं उदाहरण घ्या. आपल्या दौंड तालुक्यात केडगाव, राहू, खुटबाव पट्ट्यात गुऱ्हाळं किती आहेत! आता 'गुऱ्हाळ' हा शब्द टाइप करून बघा. बरेच जण 'गुर्हाळ' असा टाइप करतात, रफार डोक्यावर चढवून. मराठीचा तो आडवा र, शेतकऱ्यातला, गुऱ्हाळातला, हिंदी टायपिंग शिकलेल्याला सापडतच नाही. वेबसाइटच्या पानाला 'हे पान मराठी आहे' असं आत सांगावं लागतं, तरच चांगल्या फॉन्टमध्ये आपला मराठी वळणाचा ल आणि श दिसतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. एका ओळीचं काम आहे हे. ज्याला माहिती आहे तो करतो, बाकीच्यांच्या साइटवर गुळाचं नाव चुकीचं छापून येतं आणि गिऱ्हाईकाला वाटतं माल बाहेरचा असेल.

एक गंमत सांगतो. या दोन्ही तालुक्यांत मराठी अक्षराची सगळ्यात चांगली जाण कुणाला असेल तर ती फ्लेक्स आणि डीटीपीच्या दुकानात बसलेल्या पोरांना. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शंभर फोटो बसवूनही नाव वाचता आलं पाहिजे, हे डिझाइनचं शिक्षण त्यांनी रात्री जागून घेतलंय. शिरूरमधला असाच एक पोरगा फ्लेक्सच्या दुकानातून सुरुवात करून आज एक पतसंस्था, दोन शाळा आणि मोराची चिंचोलीतलं एक कृषी पर्यटन केंद्र यांच्या वेबसाइट सांभाळतो. बांधून देण्याचे पैसे एकदाच घेतले, सांभाळायचे महिन्याला घेतो. शाळेची सुट्टीची नोटीस, पतसंस्थेचे व्याजदर, पर्यटन केंद्राचे जेवणाचे दर, मोर कुठल्या महिन्यात जास्त दिसतात. त्याला कोडिंग बेताचंच येतं. पण सगळ्यांच्या डोमेनच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेल्या आहेत. त्याचं पोट त्या लाल तारखांवर चालतं.

आता प्रश्न येतो, ग्रामपंचायतीत हे काम आज कोण करतं? करते ती संगणक परिचालक. आपले सरकार सेवा केंद्रात बसलेली आपल्याच गावची मुलगी किंवा मुलगा. आधी संग्राम केंद्र होतं, मग नाव बदललं, माणसं तीच. दाखले तिने द्यायचे, जमाखर्च ऑनलाइन तिने भरायचा, घरकुलाची माहिती तिने चढवायची, प्रत्येक योजनेचं पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा. मानधन तुटपुंजं, तेही महिनोन्महिने रखडतं, म्हणून ही मंडळी आझाद मैदानावर जाऊन बसतात. आणि आता त्यात वेबसाइट. 'तुला कॉम्प्युटर येतो ना, मग कर.' तिला कुणी एक दिवसाचं तरी प्रशिक्षण दिलंय का, की लाभार्थ्यांची यादी टाकताना आधार आणि बँक खात्याचे नंबर झाकायचे असतात? नाही दिलं तर ती सगळी यादी तशीच चढवणार आणि उद्या कुणाचं खातं साफ झालं की बोट तिच्याकडे.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन. सहा महिन्यांची होती, पुढे अकरा केली. कार्यालयं, शाळा, ग्रामपंचायती भरल्या प्रशिक्षणार्थींनी. अकरा महिने! एवढ्यात तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी वेबसाइटचा राखणदार तयार झाला असता. मी ज्यांना भेटलो त्यातल्या बहुतेकांनी फाइली उचलल्या, झेरॉक्स काढल्या, टपाल नोंदवलं. योजनेच्या नावात 'प्रशिक्षण' होतं, पण नेमकं कशाचं हे त्या कार्यालयालाही ठाऊक नव्हतं. मुदत संपली आणि पोरं कायम करा म्हणून रस्त्यावर आली. त्यांचं काय चुकलं?

असं सगळं असताना हे शिकवायचं कसं, याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. ते शिरूर तालुक्यातच आहे, पाबळला. १९८३ साली हिंदुस्थान लिव्हरमधलं काम सोडून आलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ म्हणजे तेव्हाचं पक्कं दुष्काळी गाव. कलबागांचं म्हणणं सरळ होतं. पोरं पुस्तकाने कंटाळतात, हाताने शिकतात, आणि हाताने केलेलं काम खऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचं. वेल्डिंग शिकायचं तर कुणाच्या तरी घराचं फाटक बनवायचं. ते नीट बसलं नाही तर मालक परत आणून देणार. माती तपासायला शिकायचं तर गावच्या शेतकऱ्याचीच माती. तिथल्या एक वर्षाच्या ग्रामीण तंत्रज्ञान डिप्लोमात वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि पोरगं चारीमधून जातं. नापासांनाही तिथं दार उघडं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथं फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. मुंबई-पुण्याच्या आधी पाबळला, हे आपल्याकडच्या किती जणांना माहिती आहे कोण जाणे. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचं काम सुरू आहे.

हीच पद्धत वेबसाइटला लावा. कोपाच्या किंवा कुठल्याही क्लासच्या दोन-दोन पोरांना एकेक खरी वेबसाइट द्या : एक ग्रामपंचायत, एक जिल्हा परिषदेची शाळा, एक शेतकरी उत्पादक कंपनी, एक गुऱ्हाळ. वर्षभर ती त्यांनी चालवायची. डोमेन संस्थेच्या नावावर आहे का तपासायचं, नसेल तर एजन्सीशी पत्रव्यवहार करून आणायचं. नुसत्या या एका कामात पोरगं जितकं शिकेल तितकं सहा महिन्यांच्या कोर्समध्ये शिकणार नाही. ग्रामसभा झाली की आठवड्याच्या आत ठराव युनिकोडमध्ये टाइप करून टाकायचे. जुन्या स्कॅनमधले महत्त्वाचे कागद परत टाइप करायचे. मुद्दाम साइट पाडून बॅकअपमधून उभी करून दाखवायची, परीक्षा म्हणून. वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेटवर त्या वेबसाइटचा पत्ता लिहा. नोकरी देणारा उघडून बघेल.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न पहिला येणार हे मला माहिती आहे. हिशोब करू. एका छोट्या संस्थेने महिन्याला दीड हजार रुपये सांभाळण्याचे दिले, आणि एका पोराने किंवा पोरीने दहा संस्था धरल्या, तर महिना पंधरा हजार. गावात राहून, घरचं खाऊन, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास न घालवता. श्रीमंती नाही ही, पण एमआयडीसीच्या कंत्राटी पगाराच्या आसपास आहे आणि संस्था वाढतील तसं वाढणारं आहे. दीड हजार म्हणजे वर्षाला अठरा हजार. ग्रामपंचायत एका कार्यक्रमाच्या मंडप-साउंडला यापेक्षा जास्त देते. दोन-तीन लहान ग्रामपंचायतींनी मिळून एक माणूस ठेवला तरी चालेल. लग्न होऊन यवत-केडगावला आलेल्या, शिकलेल्या पण नोकरीला पुण्याला जाऊ न शकणाऱ्या मुलींसाठी तर हे काम कुणी मुद्दाम बेतल्यासारखं आहे.

'एआय आलंय, आता वेबसाइट दोन मिनिटांत बनते, कशाला शिकायचं?' असंही परवा एकाने विचारलं. बरोबर आहे, बनते. म्हणूनच फक्त बनवायला शिकवणाऱ्या कोर्सला पन्नास हजार देणं आता आणखी महाग पडणार. पण वाडीवरच्या डीपीचं काम कधी होणार हे एआयला माहिती नसतं, सरपंचाची मुदत संपली हे कुणी कळवल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि डोमेनचे पैसे भरायचं राहिलं तर ते ग्रामसेवकाच्या टेबलासमोर जाऊन उभं राहत नाही.

अडचणी मला दिसतात. ग्रामसेवक बदलून जातो, नवा म्हणतो मला काही माहिती नाही. सत्ता पालटली की जुन्या सरपंचाने ठेवलेला पोरगा 'त्यांचा' ठरतो. त्यासाठी काम व्यक्तीकडे न देता आयटीआयशी लेखी करार असावा असं मला वाटतं. ठराव करून, पासवर्ड बंद लिफाफ्यात ग्रामपंचायतीच्या कपाटात. आणि काही ठिकाणी वेबसाइट रिकामी असणंच सोयीचं असतं, हेही खरं. ठराव वाचता आले तर प्रश्न विचारले जातात. त्यांना हे काम महाग वाटणारच.

पालकांनो, तुम्ही क्लासमध्ये चौकशीला जाल तेव्हा पॅकेज किती मिळेल हे नंतर विचारा. आधी म्हणा, मागच्या बॅचच्या मुलांनी बनवलेल्या आणि आज चालू असलेल्या तीन वेबसाइट आत्ता मोबाइलवर उघडून दाखवा. डोमेन, होस्टिंग, बॅकअप हे मुलाकडून प्रत्यक्ष करून घेता का, की फळ्यावर सांगता? मराठी युनिकोड टायपिंग आहे का? आयटीआयला जाणार असाल तर निदेशकांना विचारा, आमच्या पोराला आमच्याच गावची वेबसाइट सांभाळायला दिली तर चालेल का. बहुतेक निदेशक हो म्हणतील, त्यांनाही काल्पनिक कॅफे तपासून कंटाळा आलेला असतो.

आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक अर्ज द्या. साध्या कागदावर, तीन ओळींचा. आपल्या ग्रामपंचायतीच्या वेबसाइटचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कुठल्या तारखेला संपते, आणि पासवर्ड कुणाकडे आहे. अर्जाची पोच घ्या.